हैदराबादचे क्लोरोफॉर्म-कमिशन आणि संशोधनातील प्रश्न

आपल्या विद्यापीठांतून ‘संशोधन’ हा शब्द ज्या विपुलतेने उच्चारला जातो, त्या मानाने संशोधन फसते कसे ह्याची चर्चा फारच थोडी होते. यशस्वी शोधांच्या कथा पाठ्यपुस्तकांत येतात, आणि त्या वाचून विद्यार्थ्याचा असा ग्रह होतो की, पुरेसे श्रम, पुरेसा पैसा आणि चांगली उपकरणे असली म्हणजे सत्य आपोआप हाती लागते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रामाणिक आणि विद्वान माणसांनी एकत्र येऊन, साधनांची कमतरता नसताना, शेकडो प्रयोग काळजीपूर्वक केले आणि तरीही निष्कर्ष चुकीचा निघाला, असे शास्त्राच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. त्यांपैकी एक ठळक उदाहरण ह्या हैदराबाद शहरातच घडले. १८८८ आणि १८८९ साली येथे बसलेल्या दोन क्लोरोफॉर्म-कमिशनांचे नाव भूलशास्त्राच्या प्रत्येक इतिहासग्रंथात आढळते. पण येथील मराठी वाचकाला त्याची ओळख क्वचितच असते. ती करून द्यावी, आणि ती करून देताना वैद्यक, पदार्थविज्ञान आणि सामाजिक शास्त्रे ह्यांतील संशोधनाला समान असणाऱ्या काही गोष्टींकडे अध्यापक-बंधुभगिनींचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूळ वाद काय होता ते पाहू. एडिंबरो येथील डॉ. जेम्स यंग सिम्सन ह्यांनी १८४७ च्या नोव्हेंबर महिन्यात क्लोरोफॉर्मचा उपयोग भूल देण्यासाठी करून दाखविला. त्यापूर्वी वर्षभर ईथर वापरात होते. परंतु ईथरचा वास उग्र, त्याला वेळ अधिक लागे, आणि ते चटकन पेट घेई. क्लोरोफॉर्म गोड वासाचे, न पेटणारे आणि अल्प मात्रेत काम करणारे. रुमालावर काही थेंब टाकावेत, तो नाकाशी धरावा, की दोनचार मिनिटांत रोगी निश्चेष्ट होई. काही आठवड्यांतच ते सर्वत्र पसरले. आणि तिसऱ्याच महिन्यात, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडच्या उत्तर भागात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यानंतर दोन-तीन मिनिटांत मरण पावली. शस्त्रक्रिया कसली, तर पायाच्या बोटाचे नख काढण्याची. मुलगी निरोगी होती; फक्त त्या शस्त्रक्रियेच्या कल्पनेने फार घाबरलेली होती. ही घाबरण्याची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे साठ वर्षांहून अधिक काळ ती कोणीच पुरेशी ध्यानात ठेवली नाही.

हा मृत्यू कशाने झाला? सिम्सन ह्यांचे म्हणणे असे की, क्लोरोफॉर्मचा त्यात दोष नाही. शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या तोंडात जे पाणी आणि ब्रँडी घातली त्याने तिचा श्वास कोंडला. लंडनचे डॉ. जॉन स्नो ह्यांनी मात्र निदान केले की, क्लोरोफॉर्मने तिचे हृदयच बंद पडले. येथून वैद्यकविश्वाचे दोन तट पडले. एडिंबरोच्या परंपरेचा आग्रह होता की, धोका श्वासोच्छ्वासाला आहे. म्हणून भूल देणाऱ्याने रोग्याच्या श्वासाकडे डोळे लावावेत, नाडीची चिंता करू नये. लंडनची परंपरा म्हणे की, श्वास चालू असतानाही हृदय एकाएकी थांबू शकते. म्हणून नाडीवरचे बोट काढू नये. वरवर पाहता हा तपशिलाचा वाद वाटतो. परंतु टेबलावर निजलेल्या रोग्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होता की, आपल्याला भूल देणारा माणूस आपल्या छातीकडे पाहणार की मनगटाकडे.

जॉन स्नो ह्या गृहस्थांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कॉलऱ्याच्या इतिहासामुळे ते नाव आमच्या बऱ्याच वाचकांच्या परिचयाचे असेल. पण कॉलऱ्याचे स्नो आणि क्लोरोफॉर्मचे स्नो हे एकच, हे पुष्कळांना ठाऊक नसते. भूल देणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. चार हजारांहून अधिक वेळा त्यांनी स्वतः क्लोरोफॉर्म दिले. १८५३ आणि १८५७ साली राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात ते त्यांनीच दिले. पण केवळ अनुभवावर विसंबण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. रुमालावर थेंब टाकले तर रोग्याच्या फुप्फुसात नेमके किती क्लोरोफॉर्म जाते, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि त्याचे उत्तर वैद्यकात नसून पदार्थविज्ञानात आहे हे त्यांनी ओळखले. अमुक तपमानाच्या हवेत वाफ किती मावते ह्याचे कोष्टक त्यांनी प्रयोगाने तयार केले. उकाड्याच्या दिवशी तीच बाटली, तोच रुमाल आणि तेच थेंब वापरले तरी वाफ अधिक दाट होते, हे त्यावरून उघड झाले. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते आणि क्लोरोफॉर्म सुमारे ६१ अंशांना. तेव्हा हैदराबादच्या वैशाखात ईथरची बाटली उघडणे म्हणजे काय, ह्याची कल्पना येथील रहिवाशांना सांगावयास नको. हिंदुस्थानात क्लोरोफॉर्म इतके रूढ का झाले, ह्याचे एक कारण ह्या दोन आकड्यांत आहे.

ह्याच माणसाने १८५४ च्या साथीत दक्षिण लंडनमध्ये जे काम केले ते सामाजिक संशोधनाचा आजही नमुना आहे. एकाच वस्तीत, कित्येकदा एकाच गल्लीत, दोन कंपन्यांचे पाणी शेजारशेजारच्या घरांत येत होते. त्यांपैकी लँबेथ कंपनीने १८५२ साली आपले पाणी घेण्याचे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीपलीकडे हलविले होते. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र शहरातील घाण मिसळलेलेच पाणी पुरवीत होती. गरीब-श्रीमंत, लहान-मोठे, सर्व प्रकारचे लोक दोन्हीकडे सारखेच वाटले गेले होते. निसर्गाने आणि व्यापाराने मिळून जणू एक प्रयोगच मांडून ठेवला होता. स्नो ह्यांनी कॉलऱ्याने मृत्यू झालेल्या घरोघरी चौकशी केली. पण पाणी कोणत्या कंपनीचे, हे भाडेकरूंना कोठे ठाऊक होते! अशा वेळी ते घरातील पाण्याचा नमुना घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घालून मिठाचे प्रमाण पाहत. एका कंपनीच्या पाण्यात गॅलनमागे एक ग्रेनहून कमी मीठ होते, तर दुसरीच्या पाण्यात सुमारे ३८ ग्रेन. तेव्हा ओळख पटण्यात शंका उरत नसे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू आणि लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८ मृत्यू. म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७. घरोघरची विचारपूस, रसायनशाळेतील परीक्षानळी आणि साधे त्रैराशिक ह्या तिन्हींचा असा संयोग आमच्या तरी पाहण्यात फार थोडा आला आहे. सामाजिक शास्त्रे एका दालनात आणि भौतिक शास्त्रे दुसऱ्या दालनात, ही वाटणी विद्यापीठांच्या सोयीची आहे; प्रश्न काही ती पाळीत नाहीत.

स्नो ह्यांनी हीच रीत क्लोरोफॉर्मला लावली. घडलेल्या मृत्यूंचे वृत्तान्त त्यांनी जमा केले, एकेक तपासला, आणि १८५८ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांची छाननी मांडली. त्यात एक विलक्षण गोष्ट दिसते. मोठ्या, दीर्घ शस्त्रक्रियांत जेथे क्लोरोफॉर्म पुष्कळ लागे तेथेच मृत्यू व्हावेत, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात कित्येक मृत्यू क्षुल्लक शस्त्रक्रियांत, आणि तेही भूल पुरती चढण्यापूर्वी किंवा शस्त्र नुकते लागले असता झालेले होते. स्नो ह्यांचा कल ह्याचे कारण वाफेचा एखादा दाट झोत हृदयाशी पोहोचतो असे मानण्याकडे होता. ते उत्तर अपुरे होते. पण प्रश्न जेथून उचलावयाचा ती जागा, म्हणजे मेलेल्या माणसांचे वृत्तान्त, त्यांनी अचूक दाखवून दिली होती.

आता हैदराबादकडे येऊ. सहावे निजाम मीर महबूब अली खान ह्यांच्या कारकीर्दीत, १८८५ साली, डॉ. एडवर्ड लॉरी हे येथील रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. हैदराबाद मेडिकल स्कूलची सूत्रेही त्यांच्याकडे आली. अफझलगंजच्या ज्या रुग्णालयात ते काम करीत ते पुढे १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरात नष्ट झाले. लॉरी हे एडिंबरोचे विद्यार्थी, आणि शल्यविशारद जेम्स साइम ह्यांचे निस्सीम शिष्य. साइम ह्यांची शिकवण अशी होती की, क्लोरोफॉर्म सढळ हाताने, मोकळ्या फडक्यावर द्यावे आणि फक्त श्वासाकडे पाहावे. लॉरींनी ही शिकवण येथे निष्ठेने चालविली आणि आपल्या विद्यार्थ्यांना ती इतकी चोख शिकविली की, त्यांचे विद्यार्थी भूल देण्यात खरोखरच निष्णात झाले. रूपाबाई फर्दुनजी ह्या त्यांतल्याच. जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. लॉरींच्या बाजूचे हे पुण्य नमूद न करता पुढे जाणे अन्यायाचे होईल.

परंतु लॉरींना केवळ चांगले काम करून समाधान नव्हते. आपल्या गुरूचे मत जगापुढे सिद्ध करावयाचे होते. १८८८ साली निजाम सरकारच्या साहाय्याने त्यांनी पहिले कमिशन बसविले. शंभराहून अधिक भटक्या कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि निर्णय असा दिला गेला की, क्लोरोफॉर्मने श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. सबब हृदयाला धोका नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकाने ह्या निर्णयावर शंका प्रकट केली. तेव्हा निजामांनी एक अभिनव मार्ग काढला. ‘लॅन्सेट’नेच आपला तज्ज्ञ पाठवावा आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रयोग पुन्हा व्हावेत, ह्यासाठी त्यांनी एक हजार पौंड देऊ केले. टीकाकाराला स्वतःच्या खर्चाने घरी बोलावून परीक्षक नेमणारा आश्रयदाता विरळाच. आमच्या मते ह्या सबंध प्रकरणातील सर्वांत शास्त्रीय वृत्तीची कृती हीच होय.

‘लॅन्सेट’ने डॉ. टॉमस लॉडर ब्रंटन ह्यांना पाठविले. औषधिक्रियाशास्त्रात त्यांच्या तोडीचे नाव त्या काळी इंग्लंडात क्वचितच होते. हृदयाला धोका आहे, असेच मत घेऊन ते १८८९ च्या ऑक्टोबरात येथे आले. लॉरी, ब्रंटन, डॉ. बॉम्फर्ड आणि डॉ. रुस्तुमजी हकीम ह्यांचे दुसरे कमिशन कामाला लागले. ह्या वेळी उपकरणांची वाण नव्हती. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ लुडविग ह्यांनी १८४७ च्या सुमारास, म्हणजे क्लोरोफॉर्मच्याच जन्मवर्षाच्या आसपास, रक्तदाब कागदावर आपोआप लिहविण्याची एक युक्ती काढली होती. जनावराच्या धमनीत नळी बसवून ती पाऱ्याच्या वाकड्या नळीला जोडावयाची. पाऱ्यावर तरंगत्या काडीला लेखणी. आणि काजळी धरविलेला कागद गुंडाळलेले एक पिंप घड्याळाच्या यंत्राने तिच्यासमोर फिरत ठेवावयाचे. रक्तदाब चढला-उतरला की काजळीवर पांढरी रेघ चढते-उतरते. ह्या पद्धतीची उपकरणे हैदराबादेत मांडली गेली. कुत्री, माकडे, बकऱ्या, मांजरे, ससे, घोडे मिळून चारशेंहून अधिक जनावरांवर प्रयोग झाले. त्यांपैकी शंभराहून अधिकांचे आलेख घेतले गेले. जनावरांना धक्का बसून हृदय थांबते की काय हे पाहण्यासाठी अर्धवट गुंगीत मुद्दाम वेदनादायक क्रियाही करण्यात आल्या. (आज ह्या वर्णनाने मन शहारते. प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीतीचा विचार त्या पिढीने केला नाही असे मात्र नव्हे. इंग्लंडात १८७६ पासून त्याविषयी कायदा होता.) परिणाम काय? हृदय आधी थांबल्याचे एकही उदाहरण कमिशनला मान्य झाले नाही. ब्रंटन ह्यांचे मत पालटले, आणि तसे त्यांनी तारेने ‘लॅन्सेट’ला कळविले. १८९० साली संपूर्ण अहवाल आलेखांसह प्रसिद्ध झाला. विरुद्ध मताचा तज्ज्ञ येतो, प्रयोग पाहतो आणि मत बदलतो. ह्याहून मोठा विजय तो कोणता? लॉरींना तसेच वाटले.

आणि तरीही निर्णय चुकीचा होता. तो कसा, हे पाहणे हाच ह्या कथेतील खरा लाभ आहे.

पहिली गोष्ट आकड्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी गणना झाली तिच्यावरून क्लोरोफॉर्मखाली होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीन हजारांत एक असे मानले जाई. आता समजा, जनावरांतही आकस्मिक हृदयमृत्यूचे प्रमाण नेमके तेवढेच आहे. चारशे जनावरांवर प्रयोग केले तर एकही असा मृत्यू न दिसण्याचा संभव किती? एका जनावराचे वाचण्याचे प्रमाण तीन हजारांत दोन हजार नऊशे नव्याण्णव. तो अपूर्णांक स्वतःशीच चारशे वेळा गुणला तर सुमारे ०.८८ येतो. म्हणजे धोका पूर्णपणे खरा असूनही, असे कमिशन आठ वेळा बसविले तर सात वेळा त्याला काहीच आढळणार नाही. उलट बाजूने पाहिले तर चारशेंत शून्य, ह्यावरून फार तर एवढेच म्हणता येते की, धोका बहुधा एकशेतेहतिसांत एकाहून कमी असावा. शल्यवैद्याला हा दिलासा काय कामाचा? ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ ह्या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, हे शाळेतील गणिताच्या शिक्षकालाही फळ्यावर दाखविता येईल. चारशे हा आकडा डोळ्यांना मोठा दिसतो. मोठा की लहान हे मात्र आपण किती दुर्मीळ वस्तू शोधीत आहो त्यावर ठरते. साहित्याच्या संशोधनातही हा प्रमाद नित्य घडतो. पाचपन्नास पोथ्या पाहून ‘हा शब्द त्या काळी प्रचारात नव्हता’ असे विधान बेधडक केले जाते. तो शब्द मुळात किती वेळा येण्याचा संभव होता, हा विचार कोणी करीत नाही.

दुसरी गोष्ट प्रश्नाच्या रूपाची. ‘क्लोरोफॉर्मने माणसे एकाएकी का मरतात?’ हा मूळ प्रश्न. कमिशनने बहुतांश प्रयोगांत विचारला तो प्रश्न वेगळा होता: ‘क्लोरोफॉर्म वाढवीत नेले असता आधी काय थांबते, श्वास की हृदय?’ ह्या दुसऱ्या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर बव्हंशी बरोबर आहे. मात्रा हळूहळू वाढविली तर श्वासच सामान्यतः आधी थांबतो, आणि म्हणून श्वासाकडे पाहण्याचा लॉरींचा नियम उपयुक्तही होता. पण हॅना ग्रीनर मात्रा वाढत जाऊन मेली नव्हती. ती सुरुवातीलाच मेली. जे मृत्यू समजून घ्यावयाचे होते ते हलक्या भुलीतले, आणि प्रयोग बहुतांशी गाढ भुलीचे. उत्तर खरे, पण दुसऱ्याच प्रश्नाचे, ही संशोधनातील सर्वांत फसवी अवस्था होय; कारण तेथे प्रयोग कितीही वेळा तपासला तरी चूक सापडत नाही. ब्रंटनसारखा कसलेला माणूस फसला तो ह्यामुळेच. त्यांनी प्रयोगांची परीक्षा केली. प्रयोगांनी कोणत्या प्रश्नाची परीक्षा केली हे पाहिले नाही.

तिसरी गोष्ट मनाची. कमिशनच्या आलेखांतही काही ठिकाणी रक्तदाबाची रेघ एकाएकी कोसळलेली व नाडी मंदावलेली दिसत होती. तिचा अर्थ त्यांनी असा लावला की, ही निसर्गाची संरक्षक योजना आहे. हृदय मंद झाल्यामुळे विष शरीरात कमी पसरते. मत आधी ठरलेले असले म्हणजे विरुद्ध पुरावाही आपल्याच पक्षात येऊन बसतो. १८९३ साली केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर ह्या दोघांनी हैदराबादच्या अहवालाचे परीक्षण केले आणि त्यातील आलेख तपासून कमिशनच्या निष्कर्षांना आव्हान दिले. स्वतःचा प्रयोगही त्यांनी मोठ्या कौशल्याने रचला. एका कुत्र्याच्या मेंदूला दुसऱ्या कुत्र्याचे रक्त मिळेल अशी जोडणी करावयाची, म्हणजे क्लोरोफॉर्म केवळ मेंदूला किंवा केवळ हृदयाला पोहोचविता येते. हृदयाला पोहोचले की रक्तदाब उतरे. मेंदूला पोहोचले तर तसा उतरत नसे. तेव्हा क्लोरोफॉर्मचा हृदयावर प्रत्यक्ष परिणाम होतो हे निर्विवाद ठरले. लॉरींनी ते मानले नाही. गुरुभक्ती हा आपल्याकडे गुण समजला जातो आणि तो आहेही. पण प्रयोगशाळेच्या दाराशी जोडे काढतो तशी ती काढून ठेवावी लागते.

तरी आकस्मिक मृत्यूचे कोडे अद्यापि सुटले नव्हते. हृदयाची शक्ती हळूहळू क्षीण होणे निराळे आणि धडधाकट हृदयाने एका क्षणात दगा देणे निराळे. योगायोग असा की, ज्या वर्षी ब्रंटन हैदराबादेत आले त्याच १८८९ साली ॲबर्डीनच्या मॅकविल्यम ह्यांनी एका लेखात सुचविले होते की, माणसाच्या आकस्मिक मृत्यूत हृदय ‘थांबत’ नसावे; त्याचे तंतू एकमेकांचा मेळ सोडून वेगवेगळे थरथरू लागत असावेत, आणि अशा थरथरण्याने रक्त पुढे ढकलले जात नाही. ह्या कल्पनेकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आणखी एक दुवा अज्ञात होता. भीतीने किंवा वेदनेने मूत्रपिंडावरील ग्रंथींतून रक्तात उतरणारे ॲड्रेनॅलिन हे द्रव्य टाकामिने ह्यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. हे दोन्ही दुवे लंडनच्या डॉ. गुडमन लेव्ही ह्यांनी १९११ साली जोडले. मांजरांना हलके क्लोरोफॉर्म देऊन त्यांनी ॲड्रेनॅलिन टोचले. हृदय थरथरू लागले आणि मांजर तत्काळ मेले. भूल गाढ असताना हाच प्रयोग केला तर तसे होत नसे. क्लोरोफॉर्मने संवेदनशील झालेले हृदय आणि भीतीने रक्तात आलेले ॲड्रेनॅलिन, ह्या दोहोंची गाठ पडली की मृत्यू. क्षुल्लक शस्त्रक्रिया का घातक, भूल चढण्यापूर्वीच रोगी का जातो, गाढ भुलीचे प्रयोग निरुपद्रवी का ठरतात, ह्या साऱ्यांचा उलगडा एकदम झाला. वैद्य घाबरत-घाबरत थोडेसे क्लोरोफॉर्म देई, मध्येच थांबवी, पुन्हा देई. आणि ही सावधगिरीच रोग्याच्या मुळावर येई! सढळ हाताने द्या म्हणणारे साइम आणि लॉरी व्यवहारात रोग्यांना वाचवीत होते, पण त्यामागचे त्यांचे कारण चुकीचे होते. आणि हृदयाची काळजी करणारे लंडनकर कारणाने बरोबर असूनही हात आखडून रोग्याला नेमके धोक्याच्या पायरीवर ठेवीत होते. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. त्यात सोयीचे नायक आणि खलनायक शोधणाऱ्यांची तो निराशाच करतो.

आपल्या भाषेत ‘भूल’ ह्या एकाच शब्दाने बेशुद्धी आणि भ्रम ह्या दोहोंचा बोध होतो, हे जाता जाता आठवते. येथील मेडिकल स्कूलचे शिक्षण आरंभी उर्दूतून होत असे आणि लॉरींच्या काळात ते इंग्रजीकडे वळले. कमिशनचे सारे व्यवहार इंग्रजीत झाले. देशी भाषांतून त्या प्रयोगांची चिकित्सा झाली असती तर काही निराळे घडले असते, असा दावा आम्ही करणार नाही. पण एखाद्या विषयाची चर्चा जितक्या अधिक लोकांना कळेल तितके ‘प्रश्न बदलला तर नाही ना?’ असे भाबडेपणाने विचारणारे लोक वाढतात. आणि हैदराबादेत उणीव होती ती अशाच एखाद्या भाबड्या प्रश्नाची.

योग्य प्रश्न योग्य ठिकाणी विचारला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण दूर जाऊन शोधावयास नको. १९५६ साली मद्रास येथे क्षयरोगावर एक पाहणी सुरू झाली. तोवर सर्वमान्य समजूत अशी की, क्षयरोग्याला आरोग्यधामात विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा मिळालीच पाहिजे. पण खाटा मूठभर आणि रोगी लक्षावधी. तेव्हा प्रश्न सरळ घातला गेला: नवी औषधे तीच असता, दाटीवाटीच्या गरीब घरात राहणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याच्या बरोबरीने बरा होतो की नाही? १६३ रोग्यांची विभागणी वैद्याच्या किंवा रोग्याच्या इच्छेने न होता केवळ यदृच्छेने, जणू चिठ्ठ्या टाकून, करण्यात आली. म्हणजे कोणत्याही गुरूच्या मताला तेथे वाव राहिला नाही. आणि प्रयोग झाला तो खऱ्या रोग्यांवर, त्यांच्या खऱ्या घरांत. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात घरी राहिलेले रोगी, आहार निकृष्ट आणि श्रम अधिक असूनही, जवळजवळ तितकेच बरे झालेले दिसले. त्यांच्या कुटुंबीयांवर पुढे काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांनाही रोगाची बाधा अधिक प्रमाणात झाली नाही. जनावरांची संख्या, आलेखांची लांबी किंवा आश्रयदात्याची देणगी ह्यांपैकी कशानेही जे हैदराबादेत साधले नाही ते येथे १६३ माणसांनी साधले. कारण शोधावयाची वस्तू दुर्मीळ नव्हती आणि विचारलेला प्रश्न तोच होता ज्याचे उत्तर हवे होते.

लेव्ही ह्यांचे निष्कर्षही लगेच स्वीकारले गेले नाहीत. त्यांनी आपले सर्व काम १९२२ साली ग्रंथरूपाने मांडले, त्यानंतरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत क्लोरोफॉर्मचा वापर चालू होता. तो मागे पडला तो बऱ्याच अंशी नवी व निर्धोक औषधे हाती आल्यावर. पण लेव्हींच्या प्रयोगांतून जे व्यवहारातले नियम निघाले ते साधे होते: भूल चढविताना मध्येच थांबवून पुन्हा सुरू करू नये, अर्धवट गुंगीत शस्त्र लावू नये, क्लोरोफॉर्मखालील रोग्याला ॲड्रेनॅलिन टोचू नये, आणि भूल देण्यापूर्वी रोग्याची भीती घालवावी.